तबला नाही, ड्रम नाही, मग ठेका धरतं कोण? (डबल बेस आणि गिटार, डबल बेस आणि पियानो: लाइव्ह जॅझ रेकॉर्डिंग्ज)

खारीगावकर
मंडळी, जॅझमधलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे गाणं म्हणजे अभंग, नाट्यसंगीत, फार तर जुनी हिंदी गाणी. पण भाचा नेरुळला असतो, त्याला हे वेड लागलंय, त्याने दोन रेकॉर्डिंग्ज पाठवली आणि "मामा ऐक आणि सांग" म्हणाला. एक १९७२ चं, न्यूयॉर्कच्या प्लेबॉय क्लबात वाजवलेलं, रॉन कार्टर बेसवर (म्हणजे तो उभा ठेवून वाजवायचा मोठा डबल बेस) आणि जिम हॉल गिटारवर, बस दोघंच. दुसरं १९९६ चं, ते पण न्यूयॉर्क, इरिडियम नावाचा क्लब, चार्ली हेडन बेसवर आणि केनी बॅरन पियानोवर. दोन्ही लोकांसमोर वाजवलेली, टाळ्या ऐकू येतात.

ऐकायला छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माझा कान सारखा काहीतरी शोधत होता. आपल्याकडे आलाप संपला की तबला येतो आणि मग आपण मांडीवर हात मारायला मोकळे. इथे कोणीच येत नाही! दोघं सुरू होतात आणि संपवतात. म्हणून प्रश्न असा की लय कोण सांभाळतं? आणि दुसरा जोडप्रश्न, बेसबरोबर गिटार बरं की पियानो? जाणकारांनी सोप्या भाषेत सांगा, शिव्या नकोत.

सानपाडा_स्लो
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मीठमिरची
मी पण. शेव आणलीये.

मंद्रसप्तक
खारीगावकर, प्रश्न झकास आहे आणि तो तुम्हाला पडला कारण तुमचा कान तबल्यावर तयार झालाय, ते चांगलंच आहे.

आधी एक गोष्ट. या लोकांनी जी गाणी वाजवलीत ती बहुतेक ३२ मात्राखंडांची असतात, म्हणजे ३२ बार, प्रत्येक बारात चार ठोके, एकूण १२८. हे एक आवर्तन समजा. एक आवर्तन संपलं की परत पहिल्यापासून, आणि कॉर्ड्सचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांचा, क्रम तोच. आता दोघांनाही हे आवर्तन इतकं पाठ असतं की कोणी मोठ्याने मोजायची गरजच पडत नाही. तुमचं तीनतालाचं जसं, सोळाव्या मात्रेनंतर सम येणार हे तुम्हाला कोणी सांगावं लागत नाही.

आता लय. चालत्या लयीत बेसवाला दर ठोक्याला एक सूर टाकत जातो, त्याला वॉकिंग म्हणतात. तोच तुमचा ठेका. फरक इतकाच की तबल्याच्या बोलातून सध्याची कॉर्ड कुठली हे कळत नाही, बेसच्या सुरातून कळतं. म्हणजे एकाच माणसाकडे ठेका पण आणि तंबोरा पण, आणि तंबोरा असा की जो दर बाराला षड्ज बदलतोय.

खरी गंमत बेसवाला स्वतः सोलो घेतो तेव्हा. तेव्हा ठेका जातो की नाही? आपल्याकडे तबला सोलोला हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा, म्हणजे आवर्तनभर फिरणारी एकच चाल, धरतात ना, ते काम तिथे गिटार किंवा पियानो करतो. पण लेहरा अख्खा वाजतो, हे लोक फक्त खुणा ठेवतात. जिम हॉल तर दोन-तीन सुरांत कॉर्ड उरकतो आणि गप्प बसतो. तिथे लक्ष देऊन ऐका, बाकी सगळं विसरा.

खारीगावकर
लेहऱ्याचं उदाहरण एकदम पोचलं. धन्यवाद. आज रात्री परत ऐकतो.

चरईचे_आप्पा
माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. ड्रम नसलेलं जॅझ म्हणजे मला हॉटेलच्या लॉबीतलं संगीत वाटतं. १९७८ ला जॅझ यात्रा हा महोत्सव पहिल्यांदा झाला रंगभवनला, धोबी तलावला, तिथे सॅक्सोफोनवाला सनी रोलिन्स ऐकलाय मी. उघड्यावर, सगळीकडे माणसं, ड्रमरने पहिली काठी मारली की अंगावर काटा. परत येताना व्हीटीहून शेवटची ठाणे गाडी धावत पळत पकडली आणि अख्खा डबा तेच बोलत होता. ते झालं जॅझ. हे दोन माणसांचं कुजबुजणं ऐकायला तिकीट काढून कोण जाईल?

पुढे सायलेन्स झोनच्या नियमात रंगभवनचे रात्रीचे कार्यक्रमच बंद झाले, तो वेगळा विषय.

अनघा_नेरुळ
आप्पा, कुजबुज ऐकायला जास्त कान द्यावा लागतो, म्हणूनच तर मजा!

माझा मुलगा डबल बेस शिकतो (नाही, तो खारीगावकरांचा भाचा नाही, नेरुळात दोघं निघाले म्हणजे कमालच आहे). घरात ते धूड आल्यापासून मला हे वाद्य जवळून कळलं. उभं केलं की माझ्यापेक्षा उंच. खाली एक लोखंडी टोक असतं ज्यावर ते उभं राहतं, ते आमच्या फरशीवर सटकायचं म्हणून मी रबरी पायपुसणं दिलंय आणि आता ते पायपुसणं कोणाला द्यायचं नाही असा घरात नियम आहे. तारा इतक्या जाड की सुरुवातीला पोराच्या बोटांना फोड आले, मग ते कडक झाले. तार नुसती दाबायलाच मनगटापासून जोर लागतो. आणि गिटारसारख्या पट्ट्या नसतात त्यावर, सूर कुठे आहे हे बोटालाच माहीत पाहिजे, अर्धा सेंटिमीटर सरकलं की बेसूर.

खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा विचारलं, "तुमच्याकडे रात्री नऊला कसलं दळण असतं गं?"

म्हणून सांगते, रॉन कार्टर जेव्हा एवढ्या मोठ्या वाद्यावर गाण्यासारखा वाजवतो ना, तेव्हा मला त्याची बोटं आठवतात आधी, संगीत नंतर.

मीठमिरची
दळण!!! हसून हसून पुरेवाट

सानपाडा_स्लो
ताई, लोकलने नेता का हो? म्हणजे सानपाड्याला चढलेलं ते वाद्य वाशीला उतरवता येतं का?

अनघा_नेरुळ
लगेजच्या डब्यातून, दुपारच्या वेळी. टोपल्यावाल्या मावश्यांनी जागा करून दिली आणि एकीने विचारलं की हे फ्रिज आहे का. गर्दीच्या वेळी टेंपो, दुसरा पर्याय नाही.

साउंडवाला_वाशी
दोन पैसे माझे. मी कार्यक्रमांचं साउंड करतो, जास्त करून लग्न आणि ऑर्केस्ट्रा, अधूनमधून असं काहीतरी पण येतं.

लाइव्हमध्ये डबल बेस पकडणं म्हणजे डोक्याला ताप. समोर माइक लावला तर बाजूच्या पियानोचं झाकण उघडं असतं, तो आवाज बेसच्या माइकमध्ये शिरतो, मग बेस वाढवला की पियानो पण वाढतो. गिटारचं तसं नाही, गिटारचा अँप छोटा, तो जरा लांब ठेवला, आवाज कमी केला की झालं. म्हणून सत्तरीच्या दशकात बऱ्याच जणांनी बेसच्या ब्रिजवर (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) पिकअप, म्हणजे कंप पकडणारं छोटं यंत्र, लावून थेट लाइन घ्यायला सुरुवात केली. त्याने आवाज स्पष्ट येतो पण लाकडाचा वास जातो, थोडा रबरासारखा होतो. त्या काळातली बेसची रेकॉर्डिंग्ज ऐकाल तर हा फरक कळेल, रॉन कार्टरच्या त्या काळातल्या आवाजाबद्दल पण लोक अजून भांडतात. मला स्वतःला १९९६ वाल्यातला हेडनचा आवाज जास्त आवडतो, तिथे तार सुटल्यावर लाकूड हलतं असं वाटतं.

आणि ड्रम नाही याचा साउंडवाल्याला केवढा फायदा! झांजा नाहीत म्हणजे वरचा सगळा भाग मोकळा. बोट तारेवरून सरकतं ते पण ऐकू येतं. आप्पा, रंगभवनला बेस ऐकू आला होता का? खरं सांगा.

चरईचे_आप्पा
नाही आला 😀 दिसत होता मात्र.

खारीगावकर
काल रात्री परत ऐकलं, मंद्रसप्तक म्हणतात तसं. गिटार कळली. पण बेस मला नीट ऐकूच येत नाहीये हो. सोलोच्या वेळी "टक टक" असं काहीतरी येतं, सूर म्हणाल तर पुसट. कान तपासून घ्यावेत का?

साउंडवाला_वाशी
कशावर ऐकताय?

खारीगावकर
मोबाइलवर. भांडी घासायला बाई येते तेव्हा ओट्यावर ठेवून.

साउंडवाला_वाशी
🙏🙏

काका, बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजली की ४१ हर्ट्झ. गिटारची सगळ्यात जाड तार ८२. मोबाइलचा स्पीकर बोटाएवढा, तो त्या पातळीला जाऊच शकत नाही. तुम्हाला जे पुसट ऐकू येतंय ते बेसचे वरचे स्वर आहेत, त्यावरून मेंदू खालचा सूर जुळवून घेतो, म्हणून चाल तरी कळते. पण अंगात जो सूर शिरायला पाहिजे तो येणारच नाही. साधे तारेचे इअरफोन घ्या पण कानात घट्ट बसणारे, सैल बसले की पहिला बळी बेसचाच जातो.

सानपाडा_स्लो
आणि ट्रान्सहार्बर लोकलमध्ये ऐकू नका. मी ठाणे ते सानपाडा रोज काही ना काही ऐकतो, गाडीचा घुरघुराट नेमका त्याच पट्टीत आहे, ऐरोली-रबाळेमध्ये तर रॉन कार्टर उतरूनच जातो.

बेलापूरची_पियानोबाई
मला उशीर झाला पण पियानोच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं.

खारीगावकरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: पियानो, निःसंशय. मुळात बेस हे साथीचं वाद्य नाही, त्याला पण बोलता येतं हे ज्या रेकॉर्डिंग्जनी दाखवलं ती पियानोबरोबरचीच आहेत. पियानोवाल्या ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये १९३९ ला जिमी ब्लँटन नावाचा कोवळा पोरगा आला, एलिंग्टनने त्याच्याबरोबर नुसतं दोघांनीच वाजवून १९३९ आणि ४० मध्ये तबकड्या काढल्या. तोपर्यंत बेस म्हणजे मागे उभं राहून धप धप. तो पोरगा १९४२ ला क्षयाने गेला, वय २३. पण त्याच्यानंतर कोणीच पूर्वीसारखा बेस वाजवू शकला नाही. एलिंग्टन तो विसरला नाही, तीस वर्षांनी १९७२ ला रे ब्राउनला बरोबर घेऊन त्याने ब्लँटनच्या नावाने अख्खा अल्बम केला.

लाइव्हच पाहिजे असेल तर बिल एव्हान्स आणि एडी गोमेझचं १९७५ चं माँट्रो महोत्सवातलं पियानो-बेस ऐका. दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जातात.

मंद्रसप्तक
पियानोबाई, ब्लँटनबद्दल शंभर टक्के. पण एक सांगा, पियानोची डावीकडची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झ, म्हणजे बेसच्याही खाली. पियानोवाल्याने डावा हात नेहमीसारखा चालवला तर बेसवाल्याने काय करायचं, घरी जायचं? गिटारचा हा प्रश्नच नाही. ती एक सप्तक वर बसते, सहा तारा, त्यातल्या पण जिम हॉल दोन-तीनच वाजवणार. जागा आपोआप सुटते.

बेलापूरची_पियानोबाई
आपोआप सुटते म्हणूनच तर मला त्यात कमी रस आहे! पियानोवाल्याकडे दहा बोटं आणि ८८ पट्ट्या असतात आणि तरी तो मुद्दाम डावा हात आवरतो, कॉर्डचा मूळ सूर वाजवतच नाही, तो बेसला सोडतो, वरचे तीन-चार सूरच धरतो. शिकताना हे सगळ्यात अवघड जातं. माझे सर डाव्या हाताच्या मनगटावर रुमाल टाकायचे, रुमाल खालच्या पट्ट्यांकडे सरकला की परत पहिल्यापासून. केनी बॅरन हेडनबरोबर असताना कसा खालची बाजू रिकामी ठेवतो ते ऐका, आणि कधी तरी एखादाच खोल सूर टाकतो तेव्हा त्याची किंमत कळते.

मंद्रसप्तक
रुमालाची आयडिया चोरतो. बाकी मुद्दा अर्धा मान्य 😀

चरईचे_आप्पा
हेडनबद्दल कोणीतरी सांगितलं पाहिजे की हा माणूस लहानपणी गायक होता. घरच्यांचा रेडिओवर गाण्याचा कार्यक्रम असायचा अमेरिकेच्या खेड्यापाड्यात, त्यात दोन वर्षांचा असल्यापासून गायचा. पंधराव्या वर्षी पोलिओने आवाजाच्या शिरा गेल्या, गाणं सुटलं, मग बेस. म्हणून त्याच्या सोलोत तानबाजी नाही, सगळं गाता येईल असं आहे. एवढं मला पण आवडतं हो, मी काही दगड नाही.

मीठमिरची
आप्पा हळूहळू कुजबुज पार्टीत येतायत.

चरईचे_आप्पा
अजिबात नाही. ड्रम पाहिजे.

खोपटचा_राजा
अवांतर: आपल्या जुन्या हिंदी गाण्यांत पण डबल बेस असायचाच की. गोव्याची मंडळी दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची. सी. रामचंद्रांच्या म्हणजे आपल्या अण्णा चितळकरांच्या गाण्यांत चिक चॉकलेटचा ट्रंपेट आहे. तो खरा जॅझवालाच. तेव्हा "आपल्याला जॅझ कळत नाही" असं खारीगावकरांनी म्हणू नये, कान लहानपणीच बाटलाय.

खारीगावकर
हे माहीत नव्हतं! आमच्या वडिलांना अण्णांचं वेड होतं.

सानपाडा_स्लो
अति अवांतर: ठाण्यात असं काही का होत नाही? घाणेकरचं मिनी थिएटर अशा दोन माणसांच्या कार्यक्रमाला फिट आहे. वाशीला भावे नाट्यगृह आहे. सगळं एनसीपीएला, नरिमन पॉइंटला, कार्यक्रम संपला की घरी पोचायला मध्यरात्र.

साउंडवाला_वाशी
पियानो कुठून आणणार? नाट्यगृहात चांगला ट्यून केलेला पियानो नसतो, भाड्याने आणला तर वाहतूक आणि ट्यूनिंगमध्येच तिकिटाचे पैसे जातात. गिटार-बेस मात्र सहज होईल, एक अँप, एक माइक, दोन खुर्च्या. म्हणजे खर्चाच्या बाजूने मंद्रसप्तक जिंकले.

मागे घोडबंदरला एका रेस्टॉरंटमध्ये असा प्रयोग केला होता आम्ही. दुसऱ्या गाण्याला मालकाने येऊन विचारलं की बाकीची पार्टी कधी येणार. तिसऱ्याला मॅच लावली.

मीठमिरची
कोण जिंकलं?

साउंडवाला_वाशी
मॅच. 

निवांत
सगळा धागा एका दमात वाचला, वाचनखूण साठवली. यादीत एक भर घालतो. हेडन आणि जिम हॉल हे दोघं पण एकत्र वाजलेत, १९९० च्या जुलैत, माँट्रियालच्या महोत्सवात. पण ते रेकॉर्डिंग बाहेर आलं २०१४ ला. जिम हॉल २०१३ च्या डिसेंबरात गेला, हेडन २०१४ च्या जुलैत, आणि अल्बम त्यानंतर आला. हेडनचं ब्रॅड मेल्डाउबरोबरचं पण तसंच, २००७ ला जर्मनीत मानहाइमच्या एका चर्चमध्ये वाजवलेलं २०१८ ला निघालं. एकच बेसवाला, एकदा गिटारबरोबर, एकदा पियानोबरोबर, दोन्ही लाइव्ह. ज्यांना गिटार की पियानो हा वाद मिटवायचाय त्यांनी ही दोन लागोपाठ ऐकावीत. चर्चचा घुमारा आहे दुसऱ्यात, तो मात्र वजा करून ऐकायचा.

आणि बेसची सफाईच बघायची असेल तर जो पास (गिटार) आणि नील्स-हेनिंग (बेस), १९७९, नॉर्थ सी महोत्सव. बेस आहे की गिटार असा प्रश्न पडतो. मला जरा जास्तच वाटतं, पण अनघाताईंच्या मुलाला आवडेल.

अनघा_नेरुळ
त्याला आधीच पाठ आहे. मी कंटाळलेय. मला हेडन चालेल.

खारीगावकर
मंडळी, मूळ प्रश्नाकडे येतो. पोराकडून इअरफोन घेतले, घट्ट बसणारे, आणि रात्री सगळे झोपल्यावर आधी कार्टर-हॉल लावलं. पायाने मोजत बसलो. चार, चार, चार. बेसची सोलो सुरू झाली आणि गिटार जवळजवळ थांबली. नुसती मध्येच एक टोचणी. मी मोजत होतो तरी माझा पाय चुकला आणि त्या दोघांचा चुकला नाही, आवर्तनाच्या तोंडाशी बरोब्बर एकत्र आले. आमच्याकडे कोणी असा समेवर आला की "क्या बात" निघते तोंडातून, इथे पण निघाली, बायको उठली.

मग हेडन-बॅरन. तिथे मला पाय मारावासाच वाटला नाही, संथ लय होती, पण ठोका कुठे आहे हे सतत कळत होतं. तुम्ही सगळे म्हणता बेस ठेका धरतो, पण माझ्या अडाणी कानाला असं वाटलं की दोघांपैकी जो कमी वाजवतोय त्याच्याकडे ठेका असतो. बरोबर आहे का मला माहीत नाही, भाच्याला हेच कळवलंय.

गिटार की पियानो म्हणाल तर मी गिटारकडे. पियानो फार श्रीमंत वाटतो मला, हेडनकडेच बघत राहावं म्हटलं तरी लक्ष तिकडे जातं.

मंद्रसप्तक
"जो कमी वाजवतोय त्याच्याकडे ठेका" याच्याशी मी सहमत नाही पण अजून नीट खोडता येत नाहीये. कार्टर जेव्हा वॉकिंग करतो तेव्हा जास्त तोच वाजवतो आणि ठेका पण त्याच्याकडेच असतो. बघा परत.

बेलापूरची_पियानोबाई
खारीगावकर, श्रीमंतीचा आरोप मान्य. पण एकदा खरा पियानो समोर ऐका, मग बोलू. माझ्याकडे या, अपराइट आहे, आर्टिस्ट व्हिलेजच्या मागेच. अनघाताई, मुलाला पाठवाल का? बेस-पियानो घरातच होईल.

अनघा_नेरुळ
पाठवते, पण बेस कोण नेणार? त्याच्या बाबांचा खांदा आधीच गेलाय.

साउंडवाला_वाशी
माझा टेंपो आहे. रविवार सोडून कधीही, रविवारी लग्न आहे. रेकॉर्ड पण करतो, दोन माइक आणतो.

चरईचे_आप्पा
मी पण येतो. बेलापूरला ठाण्याहून थेट गाडी आहे ना? ड्रमचे ब्रश असतील तर वर्तमानपत्रावर मी वाजवेन.

बेलापूरची_पियानोबाई
आप्पा, ठाण्याहून पनवेल गाडी घ्या, ती थेट बेलापूरला थांबते, पुढे रिक्षा. ब्रश आणू नका.

मीठमिरची
मला पत्ता खाजगी निरोपात पाठवा. शेव आणते.